जास्तीचं लोखंड

माझी सगळी नोकरी गाड्यांमधलं वजन काढण्यात गेली. पुण्याच्या एका मोटारींच्या कारखान्यात मी चासी विभागात ड्रॉइंग बोर्डावर लागले आणि कॉम्प्युटरवरून निवृत्त झाले. चासी म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा. गिऱ्हाईक सीटची कव्हरं बघतं, रंग बघतं, हॉर्न वाजवून बघतं. चासी बघायला कुणी वाकत नाही. इंजिनापासून माणसांपर्यंत सगळा भार मात्र तिच्याच अंगावर असतो.

आमच्या साहेबांचा रोजचा हेका एकच असायचा: वजन कमी करा, कडकपणा वाढवा. नव्या सुनेला कमी खा आणि जास्त काम कर म्हणावं, तसं ते मला पहिल्यांदा ऐकताना वाटलं होतं. पण लोखंडाच्या बाबतीत हे खरंच जमतं. लोखंड किती आहे यापेक्षा ते कुठे आहे, यावर सगळं असतं. हे एकदा डोक्यात बसलं की माणूस घरच्यांच्या कामातून जातो. मला कपाटात जास्तीची चादर खपेना, बोलण्यात जास्तीचा शब्द खपेना, लग्नाच्या पंगतीत तिसरी चटणी दिसली तरी कपाळाला आठी पडे. आई म्हणायची, "हिच्या घरात डब्यांना झाकणं हायत, हेच नशीब."

पण जी चासी मला अजून आठवते, ती कारखान्यातली नव्हे. ती पेणच्या माझ्या आत्याच्या जीपची.

आत्या आमची रोह्याची, दिली पेणला. सासर गणपतीच्या कारखान्याचं. पेणला कारखाना म्हटलं की तो गणपतीचाच, हे तिथल्या पोरालाही सांगावं लागत नाही. सासूच्या हाताखाली ती शाडू मळायला शिकली, मग डोळे आखायला शिकली, आणि सासूच्या मागे कारखाना तिच्याच हाती आला. आतोबांचा हात मातीत कधी बसला नाही. तो लोखंडात बसला. ते रोह्याजवळ धाटावला एका कंपनीत वेल्डर होते आणि शिफ्ट सुटली की त्यांचा खरा दिवस सुरू व्हायचा. कुठल्याशा लिलावातून त्यांनी एक जुनी जीप आणली, तिचा मागचा भाग काढून तिथे गणपती न्यायला उघडा हौदा बसवला, आणि आत्याला शेजारी बसवून, शिव्या न घालता, गाडी शिकवली. त्या काळात पेणमध्ये बाईने जीप चालवणं म्हणजे बाजारात चर्चेला विषय. आत्या म्हणायची, "बघंनात. बघून डोलं थोडेच दुखणार हायत माझं."

ती मूर्ती स्वतः पोचवायची त्याला कारण होतं. आमच्याकडे जुनी घरं आपला पाट मूर्तीवाल्याकडे देतात. पाऊस लागायच्या आत पाट जातो, त्या पाटावरच शाडूची मूर्ती घडते, आणि चतुर्थीसाठी गणपती त्याच पाटावर बसून घरी येतो. कुणाचा फणसाचा, कुणाचा सागवानी, कुणाचा आजेसासऱ्याच्या वेळचा, तेलाने काळा पडलेला. आत्या उन्हाळ्यात कासूपासून रोह्यापर्यंत घरोघरी जाऊन पाट गोळा करायची आणि सणाच्या तोंडावर तीच ते परत न्यायची. रिकामा पाट ज्या हातात दिला त्याच हाताने भरलेला परत यावा, असं त्या घरांना वाटे, आणि त्यांच्यापेक्षा जास्त आत्याला वाटे. आतोबा गेल्यानंतरही तिने हा फेरा सोडला नाही. मुलगा ठाण्याला नोकरीला. तो दर वर्षी म्हणे, गाडी विकून टाक, टेम्पो लाव. ती दर वर्षी म्हणे, बघू.

मूर्ती तडकायच्या. दर वर्षी नाही, पण अधूनमधून एखादी. शाडू म्हणजे शेवटी वाळलेली माती, तिला धक्का सोसत नाही, असंच सगळे धरून चालले होते. आतोबा होते तेव्हा मूर्ती तडकली की ते गाडीखाली शिरत आणि चासीवर आणखी एक लोखंडी पट्टी मारत. गाडी कमजोर आहे म्हणून गणपती तडकला, तर गाडी मजबूत करा, इतका तो सरळ हिशेब. आणि आत्या मूर्ती बांधण्यात कसूर करायची नाही. हौद्याच्या फळीवर पेंढा, पेंढ्यावर पाट, पाटाच्या चारी बाजूंनी लाकडी पट्ट्या खिळ्यांनी ठोकलेल्या, वर काथ्याच्या दोरीचे आवळे. देव हलता कामा नये. हा तिचा नियम होता आणि पेणच्या कित्येक कारखान्यांचाही होता.

रोह्यापुढची नवी रेल्वेलाइन नुकती सुरू झाली होती, त्या सुमाराची गोष्ट. मी गणपतीसाठी सुट्टी घेऊन रोह्याला घरी आले होते. हरतालिकेच्या दुपारी आत्याची जीप दारात थांबली. ती खाली उतरली नाही. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसून राहिली. मी हौद्यात डोकावले तर आमचा गणपती ठीक होता, पण त्याच्या मागे कापडाखाली एक मूर्ती तशीच होती. ती कासूच्या घरची. कापड काढलं तेव्हा कळलं की ती तडकलेली आहे.

तडकलेली मूर्ती पुजत नाहीत. दुसरी द्यायला कारखान्यात शिल्लक नव्हती, आणि असती तरी त्या घराच्या पाटावरची नव्हती. त्या घरच्या कर्त्या बाईने आत्याला एक वाकडा शब्द ऐकवला नाही. उलट चहा पाजला. पाट मात्र मूर्ती उतरवून ठेवून घेतला, आणि या वर्षी पाटावर सुपारी मांडून पूजा करू, एवढंच म्हणाली.

"बोलली असती तर बरं झालं असतं गो," आत्या म्हणाली. "शिव्या घातल्या असत्या तरी चाललं असतं. सुपारी!" मग शांतपणे म्हणाली, "पुढल्या वर्षी एक जरी तडकला, तर चावी ठेवीन मी. पोरगा सांगतो ते खरं."

मला तिचा फार राग आला. चावी ठेवीन म्हणणारी ही बाई माझी आत्या वाटेना. मला तिचं कौतुक होतं ते याच गाडीमुळे. मी मुलगी असून मेकॅनिकलच्या डिप्लोमाला जाते म्हणाले तेव्हा घरात सगळ्यांनी नाकं मुरडली होती, आणि ही एकटी म्हणाली होती, "जाऊ दे. मी गाडी चालवतंय, ती बनवील." ती चावी ठेवणार म्हटल्यावर माझ्याच पायाखालचं काहीतरी निघतंय असं मला वाटलं.

ती मूर्ती मी ओसरीवर उतरवून घेतली. तडा होता कुठे, तर बैठकीपाशी. डाव्या गुडघ्याखालून निघून पाठीवर तिरका चढत उजव्या खांद्याकडे गेला होता. मी तो बोटाने पुन्हा पुन्हा चाचपला. धक्क्याने फुटलेली माती अशी फुटत नाही. पडलेल्या मूर्तीचा हात तुटतो, सोंड तुटते, कान उडतो. हा तडा शिस्तीत तिरका होता. आमच्या डिप्लोमाच्या प्रयोगशाळेत सर खडू द्यायचे आणि दोन्ही टोकं धरून पिळायला लावायचे. वाकवलेला खडू सरळ तुटतो, पिळलेला खडू तिरका तुटतो. या गणपतीला कुणी आपटलं नव्हतं. याला पिळलं होतं.

मग मी सणासाठी शिवलेल्या नव्या पंजाबी ड्रेसनिशी गाडीखाली शिरले. आईने कपाळाला हात लावला.

खाली आतोबांची सगळी हयात होती. चासीचे दोन लांब दांडे, त्यांवर पट्टी, पट्टीवर पट्टी, कुठे अँगल, कुठे रुळाच्या तुकड्यासारखा ठोकळा. गोधडीला ठिगळं लावावीत तशी. वेल्डिंग सुरेख, एकेक शिवण बघत राहावी अशी. पण आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. त्यांनी लोखंड लावलं होतं ते दांडे वाकू नयेत म्हणून, आणि दांडे वाकत नव्हतेच. एक चाक खड्ड्यात गेलं की सगळा सांगाडा पीळ खात होता. हौदा त्याला पक्का बोल्ट केलेला, हौद्याला पाट पक्के ठोकलेले, आणि पाटावर माती पक्की बसलेली. देव हलू नये म्हणून इतकं घट्ट बांधलं होतं की रस्त्याचा पीळ थेट देवाच्या पाठीत जात होता. त्यात एवढ्या पट्ट्यांचं वजन पेलावं म्हणून आतोबांनी मागच्या कमानींना, म्हणजे चाकांवरच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगांना, एकेक पान जास्तीचं घातलेलं. म्हणजे धक्केही जास्त.

आता हे आत्याला कसं सांगायचं? पेढ्यांचा रिकामा खोका घेतला. झाकण काढून तिच्या हातात दिला आणि म्हटलं, पीळ. तिने पिळला, खोका मुकाट पिळला गेला. मग मी झाकण लावलं, कडेने चिकटपट्टी मारली आणि म्हटलं, आता पीळ. खोका हलेना. पुठ्ठा तोच, पातळच.

"गाडीचे दांडे असे बिनझाकणाचे खोके आहेत," मी म्हणाले. "तीन बाजू आहेत, चौथी नाही. आतोबा पुठ्ठा जाड करत राहिले. झाकण लावायला हवं होतं."

आत्या खोका हातात फिरवत राहिली. तिला समजलं होतं, ते तिच्या तोंडावर दिसलं. आणि समजल्यामुळेच तिचा चेहरा उतरला.

"म्हणजे त्यांनी लावलेलं सगळं काढायचं?"

खोटं बोलावंसं वाटलं. थोडं राहू दे, म्हणता आलं असतं. पण गाडी माझ्या शब्दावर कडक होणार नव्हती. मी म्हणाले, "जवळजवळ सगळं."

"नाय," ती म्हणाली, आणि गाडी घेऊन निघून गेली. विसर्जनालाही आली नाही. दिवाळीला फराळाचा डबा आला तो दुसऱ्याच्या हातून, आणि त्यात माझ्या आवडीच्या करंज्या नव्हत्या. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते आमच्या घराण्याला चांगलं लागू आहे. मीही पत्र लिहिलं नाही.

मे महिन्यात पुण्याला माझ्या कारखान्यात आत्याचा फोन आला. "पाट गोळा केलेत. कासूचापण दिला त्या बाईने. मी मागितला नव्हता, तिनेच आणून हातात दिला." मग म्हणाली, "गाडी वरशाला लावली हाय, भाईच्या गॅरेजला. ये आणि काप काय कापायचं ते."

वरसे म्हणजे रोह्याला लागूनच. तिथे आतोबांच्या दोस्ताचं गॅरेज होतं. आत्या त्यांना भाई म्हणे, ते तिला वहिनी. बरीच वर्षं आखातात लोखंडी सांगाडे जोडण्याचं काम करून ते परत आले होते आणि रस्त्याच्या कडेला पत्र्याच्या शेडखाली बसले होते. आतोबांच्या निम्म्या पट्ट्या त्यांच्याच मशीनवर शिवल्या गेल्या होत्या. माझा कागद त्यांनी उलटसुलट करून बघितला.

"लोखंड काढायचं आणि वर भोकं पाडायची? आणि मग ती मजबूत?" ते म्हणाले. "पोरी, तुझ्या कंपनीत पगार नक्की कशाचा देतात?"

"हेच ऐकून घेण्याचा," मी म्हणाले.

ते हसले, पण मशीन सुरू केलं नाही. त्यांनी आत्याकडे बघितलं. आत्या एका जुन्या टायरवर बसली होती, पदर कमरेला खोचून, लग्नघरात शिरा ढवळायला बसावी तशी. ती म्हणाली, "माझ्याकडे काय बघताव भाई? लावलं तेव्हा इचारलं होतंव काय मला?"

कापणं दोन दिवस चाललं. प्रत्येक पट्टी सुटून खाली पडली की आत्या तिची जन्मकथा सांगे. ही वडखळच्या पुढे कमान तुटली तेव्हाची. ही तुझ्या भावाच्या लग्नाच्या वर्षीची, वऱ्हाड नेलं होतं ना. ही उगीच, रविवार रिकामा होता म्हणून. भाई मान हलवत आणि पुढची शिवण कापत. मी मोजमापं घेत होते, पण मला ऐकू येत होतं. वजन काढणं हे माझं रोजचं काम. कागदावर रेघ खोडायची की वजन गेलं. जे काढायचं त्याच्यासमोर त्याचं माणूस टायरवर बसलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं. एकदा मी भाईंना म्हणाले, ही एक राहू दे हवं तर. आत्याच म्हणाली, "तुझा कागद काय सांगतो?" कागद काढ म्हणत होता. "मग काढ. उगाच लाड नको."

मग ड्रायव्हरच्या सीटमागे, दोन दांड्यांच्या मध्ये, आडवा घातलेला एक जाड गोल पाइप निघाला. भाईंनी कटर टेकवला तसा मी हात धरला. मी म्हणाले, "हा ठेवायचा."

आत्या टायरवरून उठली. "का? हा काय बरोबर हाय?"

"सगळ्यात बरोबर हाच. बंद पोकळ नळी, दोन्ही दांड्यांना बांधून धरते. हा नसता तर दर वर्षी तडकले असते."

"तो जॅकचा दांडा ठेवायला घातलाय," भाई म्हणाले. "मी स्वतः बघितलाय."

"कशाला का घातला असेना," मी म्हणाले.

आत्या वाकली, गाडीखाली हात घालून तिने तो पाइप चाचपला. "बघा," ती भाईंना म्हणाली, "एक तरी धड केलं होतं माणसाने." आणि मोठ्याने हसली. भाईही हसले, आणि हसता हसता गमछ्याने डोळे पुसायला लागले, तेव्हा आत्याने त्यांना दटावलं की वेल्डिंगचा गॉगल लावत जा.

पुढचं काम मग सरळ होतं. दांड्यांची उघडी बाजू पातळ पत्र्याने बंद केली, हौद्याखाली त्या पाइपसारखेच आणखी आडवे पाइप दिले, मध्ये फुलीसारखे दोन तिरके. दांड्याच्या उंचीच्या बरोबर मध्ये ताण फारसा नसतो, तिथे गोल भोकं पाडून आणखी वजन काढलं. कमानींचं जास्तीचं पान काढलं. सगळं जोडून झाल्यावर भाईंनी एका मागच्या चाकाखाली जॅक लावला आणि चाक उचललं. पूर्वी असं केलं की हौद्याचा मागचा फाळका अडकून बसायचा. सांगाडा पिळला की हौद्याची चौकट वाकडी व्हायची, आणि आत्या रस्त्यात फाळक्याला बुक्क्या मारून तो उघडायची. आता तिने सवयीने मूठ उगारली, आणि फाळका नुसत्या बोटाने पडला. ती दोनदा लावून, दोनदा उघडून खात्री करून घेत राहिली.

शेडच्या कोपऱ्यात काढलेल्या लोखंडाचा ढीग होता. भंगारवाला बोलावू का, असं भाईंनी विचारलं. आत्या म्हणाली, "नको. माझ्या हौद्यात टाका." एवढी खटपट करून हलकी केलेली गाडी वरशाहून पेणला गेली ती तेच सगळं लोखंड पाठीवर घेऊन. मी कपाळावर हात मारून घेतला.

हरतालिकेच्या आदल्या दिवशी सकाळी मी पेणला तिच्या शेजारच्या सीटवर होते. पाऊस बारीक होता, हौद्यावर ताडपत्री. पाट नेहमीसारखेच घट्ट ठोकलेले. त्या बाबतीत तिने माझं ऐकलं नव्हतं, आणि आता ऐकायची गरजही नव्हती. तिच्या गळ्यात चावीची सुतळी होती. रस्ता जसा असायचा तसाच होता, म्हणजे मध्ये मध्ये रस्ता. प्रत्येक खड्ड्याला मी मागे वळून ताडपत्रीकडे बघत होते. कागदावर सगळं बरोबर होतं, पण कागदावरच्या गाडीत कासूच्या घरचा गणपती बसलेला नव्हता. मी मनात देवाला म्हणाले, बाबा, तुझीच पाठ आहे, सांभाळ. निवृत्त होईपर्यंत कुठल्याही चासीसाठी मी पुन्हा देवाचं नाव घेतलं नाही.

कासूला गाडी थांबली. ती बाई छत्री घेऊन अंगणात उभीच होती. आत्याने फाळका उघडला, पट्ट्या उपटल्या, दोऱ्या सोडल्या. तोंडावरचं कापड तसंच ठेवून तिने आधी मूर्तीच्या पाठीवर तळहात फिरवला, खालून वर, वरून खाली. मग गुडघ्यांखाली. मग पुन्हा पाठीवर. पावसाचं पाणी तिच्या मानेवरून आत जात होतं, तिला त्याची शुद्ध नव्हती.

"हाय," ती म्हणाली. "हाय गो, धड हाय."

त्या बाईने पाट हातात घेतला आणि म्हणाली, "मला म्हाईत होतं." तिला माहीत नव्हतं, हे आम्हा तिघींनाही माहीत होतं.

मग नागोठणं, मग रोहा, एकेक घर. प्रत्येक ठिकाणी तळहात, प्रत्येक ठिकाणी "धड हाय". आमचा गणपती उतरवला तेव्हा आईने तिलाच आधी ओवाळलं. शेवटची मूर्ती वरशाला होती. ती उतरवून होईपर्यंत भाई गॅरेज सोडून लांबून बघत उभे होते, आणि आत्याने हात वर केल्यावरच आत गेले. एकही तडकला नव्हता. मला इतका आनंद झाला होता की मी रस्त्यात नाचले असते.

मी तिच्याबरोबर पेणपर्यंत परत निघाले. हौदा रिकामा, ऊन पडलेलं, दोन्हीकडे भात हिरवंगार. गाडी खड्ड्यांतून अशी जात होती की मी मनातल्या मनात साहेबांना बोलावून दाखवत होते. बरंच अंतर गेल्यावर आत्याने गाडीचा वेग कमी केला. मला वाटलं दमली असेल. मग बघितलं तर ती रडत होती, समोर रस्त्यावर नजर ठेवून, गिअर बरोबर बदलत.

"आत्या, झालं ना सगळं नीट?"

"झालं गो. नीटच झालं." तिने नाक ओढलं. "पण गाडी मुकी झाली."

मला पहिल्यांदा कळेना.

"येताना रिकामी गाडी ना, ती बोलायची. त्या पट्ट्या. खड्डा आला की खडखड, वळण आलं की किर्र. कुठली कुठे वाजते ते मला म्हाईत होतं. ते गेल्यापासून या रस्त्याने मी एकटी कधी आलीच नाय. आज आली."

खडखड म्हणजे ढिलेपणा, आणि तो घालवणं हेच तर माझं काम, आणि मी ते चोख केलं होतं. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि आम्ही पेण येईपर्यंत तशाच बसून राहिलो. मला स्वतःच्या हुशारीचं त्या दिवशी काहीसुद्धा कौतुक उरलं नाही. तरी मी पुन्हा तेच केलं असतं, हेही मला माहीत होतं, आणि तिलाही. कारण घरी पोचल्यावर तिने चावी खुंटीला लावली नाही. सुतळी गळ्यातच ठेवून ती थेट चुलीपाशी गेली.

पुढच्या वर्षी गणपतीच्या आधी मी पेणला गेले तेव्हा कारखान्यात नवी मांडणी दिसली. ओल्या मूर्ती सुकायला ठेवायची लोखंडी मांडणी, खालपासून वरपर्यंत त्या पट्ट्यांची. भाईंनी येऊन शिवून दिली होती. तीवर ओळीने पाट आणि पाटांवर गणपती. इथे वजन कुणाला जड नव्हतं.

आत्या रंगाच्या वाट्या धुवायला मागे गेली होती. मी सवयीने जीपखाली वाकले. नव्या शिवणी ठीक होत्या, कुठे भेग नाही. उठताना सीटच्या खालच्या बाजूला काहीतरी लागलं. एक वीतभर पट्टी, तारेने टांगलेली. कशालाही जोडलेली नाही, कशाचाही भार न घेणारी. मी बोटाने ढकलली तर ती सीटच्या पत्र्यावर आपटली आणि खडखडली.

वजन म्हणाल तर पाव किलोसुद्धा नसेल. पण पुण्याच्या कामात अशा पाव किलोसाठी मी सगळ्या विभागाची बैठक भरवली असती. मी ती पट्टी तळहातावर धरून तशीच उकिडवी बसून राहिले. तिच्या एका कडेवर आतोबांची शिवण होती, सारख्या टाक्यांची.

तार एका जागी झिजून बारीक झाली होती. आणखी एखाद्या फेऱ्यात तुटली असती आणि पट्टी रस्त्यात कुठेतरी पडली असती. कारखान्यातून तारेचं भेंडोळं आणलं, जुनी तार काढली आणि नवी बांधली. हात सवयीने पक्कड घेऊन आवळायला निघाले होते. मी ते आवरले. दोन बोटं सहज आत जातील इतकी ती मी सैल ठेवली, आणि पुन्हा एकदा ढकलून, वाजते ना ते बघितलं.